एक्झॉस्ट बदलणे आणि टर्बोची तेलगळती : सोलापूरच्या वाहनधारकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर आणि जुळे सोलापुरात आता टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) असलेल्या पेट्रोल गाड्या सर्रास दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मालकांना कधी ना कधी एक्झॉस्ट बदलावासा वाटतो. या गाड्यांचे काम करताना मला तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारले जातात. त्यांची उत्तरे घाईत देता येत नाहीत आणि अर्धवट उत्तराने नुकसान होते, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत.

नवीन एक्झॉस्ट बसवल्यापासून टर्बो तेल गाळू लागला आहे. हे एक्झॉस्टमुळेच झाले का?

बहुतेक वेळा नाही. गळती आधीपासून थोडीफार असते आणि नवीन एक्झॉस्ट तिला उघडे पाडतो. मूळ एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या लगेच मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू कमी करणारा भाग, असतो. टर्बाइनच्या (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूने थोडे तेल झिरपत असेल, तर त्याची वाफ या तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये बऱ्याच अंशी जळून जाते आणि मागे धूर दिसत नाही. कन्व्हर्टर काढून सरळ डाऊनपाईप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाईप) बसवला की तेच तेल निळसर धूर होऊन बाहेर पडते, आणि मालकाला वाटते की बिघाड आजच झाला.

दुसरे कारण दाबाशी संबंधित आहे. टर्बोच्या आतले तेल अडवण्याच्या कामी एक्झॉस्टच्या वायूचा दाबही हातभार लावतो. पुढची वाट मोकळी झाली की टर्बाइनच्या पाठीमागचा दाब उतरतो, आणि तेल अडवणाऱ्या झिजलेल्या रिंगेची जी कसर तो दाब इतके दिवस झाकून होता ती उघड होते. चांगल्या स्थितीतल्या टर्बोला या फरकाने काहीही होत नाही.

तिसरे कारण मात्र खरोखरच त्या कामातून आलेले असते. डाऊनपाईप काढताना तेल टर्बोतून इंजिनात परत नेणाऱ्या रिटर्न पाईपला हात लागतो, पॅकिंग हलते, वॉशर जुनाच पुन्हा लावला जातो, किंवा जड पाईपचा सगळा भार टर्बोच्या हाऊसिंगवर (बाहेरच्या कवचावर) येतो. त्यामुळे गाडी घेऊन आलेल्याला मी पहिला प्रश्न हा विचारतो की एक्झॉस्ट बसवताना टर्बोच्या आसपासचे काय काय उघडले होते.

टर्बोमध्ये तेल कशासाठी असते आणि ते बाहेर का येत नाही?

टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या एका टोकाला टर्बाइनचे चाक आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते. एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवतो, त्याच फिरण्याने कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. लहान गाड्यांच्या टर्बोचा हा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. इतक्या वेगात धातू धातूला टेकला तर क्षणात सगळे संपेल, म्हणून दांडा बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. हेच तेल बेअरिंगची उष्णताही वाहून नेते.

येथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. टर्बोत चाकाच्या हबसारखे रबरी ऑईल सील नसते, कारण एवढ्या तापमानात रबर टिकणारच नाही. दोन्ही टोकांना पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल पूर्णपणे बंद करत नाहीत. मधल्या भागातला दाब कमी आणि दोन्ही हाऊसिंगमधला दाब जास्त असेल तोपर्यंतच तेल आत राहते. इंजिनाच्या पंपाने दाबाखाली आलेले तेल बेअरिंगमधून गेल्यावर फेसाळते आणि केवळ स्वतःच्या वजनाने रिटर्न पाईपमधून ऑईल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरते. त्याला खाली ओढणारा कोणताही पंप नसतो. या उतरण्यात कोठेही अडथळा आला की मधला भाग तेलाने भरतो आणि तेल रिंगांवरून बाहेर पडते. टर्बोच्या तेलगळतीच्या दहा तक्रारी आल्या तर मी आधी टर्बोकडे न पाहता या उतरत्या वाटेकडे पाहतो.

मग गळतीची नेमकी कारणे कोणती?

सर्वांत आधी रिटर्न पाईप. तो वाकलेला, चेपलेला, आतून जळक्या तेलाने अरुंद झालेला किंवा चुकीच्या कोनात बसवलेला असू शकतो. मोठा टर्बो बसवून नवीन पाईप तयार करून घेतला असेल, तर त्याचा आतला व्यास किमान अर्धा इंच हवा, तो उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये, आणि त्याचे खालचे तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडले पाहिजे. तोंड तेलात बुडाले तर वरचे तेल उतरणार कसे? पाईप मध्येच खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर त्या खोलगट भागात तेल साचून राहते आणि टर्बो दुरुस्त करूनही गळती थांबत नाही.

दुसरे कारण ब्रीदरचे. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तो ब्रीदरच्या झडपेतून पुन्हा इंजिनाच्या हवेत जातो. ही झडप चिकटली किंवा नळी तुंबली की चेंबरमध्ये दाब साचतो, तो दाब रिटर्न पाईपमधून वर चढतो आणि तेलाला उतरू देत नाही. काही जर्मन टर्बो पेट्रोल इंजिनांत ही झडप खराब होणे अगदी परिचयाचे आहे. इंजिनच झिजले असेल, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, तर झडप बदलूनही दाब कमी होत नाही. अशा गाडीला नवीन टर्बो बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, आणि तसे मी मालकाला स्पष्ट सांगतो.

तिसरे कारण अगदी साधे, पण वारंवार आढळणारे आहे : तेल जास्त भरलेले असणे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे तेल गेले की फिरता क्रँक ते घुसळतो, फेस वाढतो आणि रिटर्नचे तोंड बुडते.

चौथे कारण हवेच्या फिल्टरचे. तो तुंबला की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ रिंगेवरून तेल खेचते. येथे टर्बोचा काहीच दोष नसतो.

पाचवे कारण तेलाच्या येणाऱ्या वाटेचे. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल मोजकेच लागते, म्हणून त्याला तेल पुरवणाऱ्या फीड पाईपमध्ये सुमारे १ मिलिमीटर छिद्राचा रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा भाग) बसवलेला असतो. तो काढला गेला तर तेल गरजेपेक्षा जास्त येते. साध्या बुशच्या टर्बोत उलट चूक होते. गळती थांबावी म्हणून कोणीतरी फीड अरुंद करून ठेवतो, गळती काही दिवस थांबते आणि मग बेअरिंग कोरडे पडून दांडाच जातो.

धुराच्या रंगावरून काय ओळखावे?

निळा धूर तेल जळल्याचा असतो. सात रस्त्याच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटे गाडी उभी राहिली आणि निघताना मागे निळ्या धुराचा लोट आला, तर संशय टर्बाइनच्या बाजूवर जातो, कारण मंद इंजिनावर टर्बाइनचा दाब अगदी कमी असतो आणि तेव्हाच तेल झिरपते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यानंतर धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंगा आधी तपासाव्यात. काळा धूर जास्त इंधनाचा असतो. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर कूलंट जळत असल्याची खूण आहे.

गळणारे तेल टर्बोचेच आहे हे कसे ठरवायचे?

टर्बो इंजिनात बराच खाली असतो आणि तेल वरून खाली येते, हे लक्षात ठेवावे. व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या कूलरचा जोड किंवा फीड पाईपचा बँजो बोल्ट (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) गळत असेल, तरी तेल शेवटी टर्बोवरच जमते आणि सगळा आळ टर्बोवर येतो. म्हणून इंजिन थंड असताना तो भाग ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून, गाडी थोडी चालवून पुन्हा पाहावे. तरीही नीट कळत नसेल, तर तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून पाहता येते. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिने अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेमुळे तो थर बहुतेक टर्बो गाड्यांत असतोच. नळी उघडल्यावर तेल ओतल्यासारखे वाहिले, तर मात्र तपास केलाच पाहिजे.

मुख्य तपासणी डाऊनपाईप काढून होते. टर्बाइनच्या चाकामागे ओले तेल दिसले आणि त्याच वेळी टर्बोच्या आधीचा एक्झॉस्ट मार्ग कोरडा असला, तर तेल टर्बोतून येत आहे. टर्बोच्या आधीचा मार्गही ओला असेल, तर तेल इंजिनातून येत आहे आणि टर्बोचा संबंध नाही. हा एक फरक पाहिल्याशिवाय टर्बो बदलण्याचा निर्णय कोणीही घेऊ नये.

हाताने हलवल्यावर टर्बोचा दांडा हलतो. तो खराब झाला का?

हलण्याची दिशा पाहावी लागते. बुशच्या टर्बोत इंजिन बंद असताना दांडा आडवा थोडा हलतोच, कारण तेलाच्या थराची जागा त्या वेळी रिकामी असते. चाकाची पाती हाऊसिंगला घासत नसतील तर ते हलणे मान्य आहे. दांडा पुढे-मागे मात्र बोटाला जाणवेल इतका सरकता कामा नये. तसा सरकत असेल तर हे सरकणे अडवणारे थ्रस्ट बेअरिंग झिजले आहे, आणि तेथून पुढे तो किती दिवस चालेल याची खात्री मी देणार नाही. पात्यांच्या कडा वाकलेल्या किंवा खरवडलेल्या असतील, तर वेगळी तपासणी करण्याची गरजच उरत नाही.

टर्बो गाडीत एक्झॉस्टचा कोणता भाग बदलण्याने खरा फरक पडतो?

टर्बाइनच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांच्यातल्या फरकावर टर्बो फिरतो. नंतरची वाट जितकी मोकळी, तितका तो लवकर वेग घेतो. ‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे वाक्य अजूनही गॅरेजमध्ये ऐकू येते, पण टर्बाइनच्या मागे अडथळा असण्याचा टर्बो इंजिनाला कोणताही फायदा नाही. त्यामुळे टर्बोला लागून असलेला डाऊनपाईप हा सर्वांत परिणामकारक भाग आहे. कन्व्हर्टरच्या मागचा पाईप आणि सायलेन्सर बदलल्याने आवाज जास्त बदलतो, ताकद थोडी. नव्या अनेक लहान इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि टर्बो थेट हेडला जोडलेला असतो, उदाहरणार्थ फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.० टीएसआय गाड्यांत. तेथे वेगळा मॅनिफोल्ड बसवण्याचा प्रश्नच येत नाही.

मोकळ्या डाऊनपाईपचा एक धोका कोणी फारसा सांगत नाही. वाट मोकळी झाल्यावर टर्बो जास्त वेगाने फिरू लागतो, आणि वेस्टगेटचे छिद्र लहान असेल तर जास्तीचा वायू बाजूने सोडणे त्याला जमत नाही. मग बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, ठरवलेल्या मर्यादेच्या वर चढत जातो. त्याचा पहिला फटका थ्रस्ट बेअरिंगला आणि त्याच्या पाठोपाठ रिंगांना बसतो. नवीन एक्झॉस्ट बसवल्यानंतर काही महिन्यांनी सुरू होणाऱ्या तेलगळतीचा उगम अनेकदा येथे असतो. म्हणून डाऊनपाईप बसवल्यावर बूस्ट मोजून घ्यावा आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणी त्याला जुळवून घ्यावी.

पाईप किती व्यासाचा असावा? सोलापुरात बनवून घेतला तर चालेल का?

एक ते दीड लिटरच्या टर्बो गाडीला अडीच इंची पाईप पुरेसा होतो. दोन इंचीच्या तुलनेत त्याचे आतले क्षेत्रफळ सुमारे ५६ टक्क्यांनी जास्त असते, म्हणजे अर्धा इंच वाढ वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. तीन इंची पाईप दोन लिटर आणि त्यापुढच्या, ताकद वाढवलेल्या इंजिनांसाठी राखून ठेवावा.

सोलापुरात कुशल वेल्डर आहेत. साखर कारखान्यांच्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांच्या कामावर हात बसलेले हे कारागीर आहेत आणि त्यांचे आर्गॉन वेल्डिंग उत्तम असते. अडचण येते ती वाकांच्या बाबतीत. साध्या यंत्रावर पाईप वाकवला की वळणावर तो चेपतो आणि व्यास कमी होतो. म्हणून मँड्रेलवर (आतून आधार देऊन) वाकवलेली तयार वळणे मागवून घ्यावीत आणि येथे फक्त जोडकाम करून घ्यावे. पाईपमध्ये आतून आर्गॉन सोडून वेल्डिंग करायला सांगावे, नाहीतर आतल्या बाजूला खडबडीत काळे थर तयार होतात आणि जोड कमजोर राहतो.

धातू ३०४ प्रकारचे स्टेनलेस असावे. चुंबक लावून पाहावा. ३०४ ला तो जवळजवळ चिकटत नाही, ४०९ प्रकाराला मात्र चिकटतो. ४०९ वाईट नाही, अनेक कंपन्या मूळ एक्झॉस्ट त्याचाच बनवतात. मात्र ३०४ च्या किमतीत ते घेऊ नये.

आता वजनाचा आणि प्रसरणाचा मुद्दा, ज्यावर मी फार आग्रही आहे. ३०४ स्टेनलेसचा एक मीटर पाईप ५०० अंशांनी तापला तर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. या वाढीला जागा हवी, म्हणून डाऊनपाईपनंतर जाळीदार लवचिक जोड असलाच पाहिजे, आणि पाईपचे वजन गाडीच्या सांगाड्याला लावलेल्या रबरांवर गेले पाहिजे. लवचिक जोड नसेल तर प्रत्येक खड्ड्याचा हादरा टर्बोच्या हाऊसिंगला बसतो. स्टड तुटतात, फ्लँज वाकतो आणि हाऊसिंगला तडे जातात.

डाऊनपाईप बसवताना तेलाच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

फीड पाईपच्या बँजो बोल्टची तांब्याची वॉशर प्रत्येक वेळी नवीनच लावावीत. ती एकदा दबली की त्यांचे काम संपलेले असते. रिटर्न पाईपचे पॅकिंगही नवीनच असावे. त्या जोडावर सिलिकॉन गॅस्केट मेकर लावू नये. ही चूक माझ्या स्वतःच्या गाडीत झाली होती. दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपने डाऊनपाईप बसवताना रिटर्नच्या जोडावर भरपूर सिलिकॉन लावले, त्यातला दाबाने आत आलेला भाग सुटून पाईपच्या तोंडाशी अडकला आणि परतीच्या प्रवासात टेंभुर्णीच्या अलीकडे गाडीने धूर ओकायला सुरुवात केली. टर्बो निर्दोष होता. पाईप काढून तो तुकडा बाहेर काढला, नवीन पॅकिंग लावले आणि गळती थांबली. तेव्हापासून हा जोड मी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकावा का?

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद कडकपणे वाचली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा बदलासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर तीन महिन्यांची बंदी लागू शकते. एमएच १३ च्या गाडीला यात कोणतीही सवलत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत कन्व्हर्टरवर संगणकाची सतत नजर असते. कन्व्हर्टर काढला की इंजिनाचा दिवा लागतो. तो दिवा सॉफ्टवेअरने बंद करून देणारे आहेत, पण त्याने धूर आणि विषारी वायू बंद होत नाहीत. आपल्या शहरात लोक घराच्या अंगणात झोपतात, गड्ड्याच्या यात्रेत लहान मुले रस्त्यावर असतात, त्यांच्या श्वासात हे जाते. जास्त मोकळ्या रचनेचा, पण कन्व्हर्टर असलेला डाऊनपाईप बसवल्यास फायद्याचा बराच भाग मिळतो. तोही कायद्याच्या दृष्टीने बदलच आहे, म्हणून वॉरंटी आणि विमा या दोन्हींचा विचार आधी करावा. कन्व्हर्टर नसलेली गाडी कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकपुरतीच ठेवावी.

गळती चालू असताना नवीन कन्व्हर्टर बसवू नये, हेही सांगतो. तेलातला फॉस्फरस त्याच्या आतल्या थरावर बसतो आणि तो कायमचा निकामी होतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सरही तेलाने खराब होतो.

सोलापूरच्या हवेचा आणि रस्त्यांचा यावर परिणाम होतो का?

निश्चित होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते आणि आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेवढाच बूस्ट देण्यासाठी टर्बोला येथे जास्त वेगाने फिरावे लागते. थंड देशातल्या गाडीसाठी लिहिलेली मांडणी जशीच्या तशी घालून दुपारी पुणे महामार्गावर गाडी ताणली, तर बेअरिंगवर त्याचा भार पडतोच.

उसाच्या हंगामात आणखी एक गोष्ट घडते. मोहोळ, अक्कलकोट आणि मंद्रूपच्या बाजूला बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या मागे चालताना धूळ आणि पाचटाचा बारीक भुसा फिल्टरमध्ये भरतो. कागदावर लिहिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता हंगाम संपताच फिल्टर काढून पाहावा. तुंबलेला फिल्टर तेल कसे खेचतो ते वर सांगितलेच आहे.

पाईपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी का?

तेलगळती असेल किंवा तिचा संशयही असेल, तर अजिबात नाही. पट्टी तेल शोषून घेते आणि टर्बोजवळच्या तापमानाला ती पेट घेऊ शकते. गळती नसेल तर धातूचे मूळ संरक्षक पत्रे परत जागेवर लावणे मला जास्त योग्य वाटते. एक्झॉस्ट बदलताना ते पत्रे हमखास काढून ठेवले जातात.

गळती असताना गाडी चालवता येईल का?

बाहेरून किंचित ओलसरपणा असेल तर तेलाची पातळी रोज पाहत गॅरेजपर्यंत नेता येईल. तेल थेंबाथेंबाने तापलेल्या डाऊनपाईपवर पडत असेल, जळका वास येत असेल, तर गाडी जागेवरच थांबवावी, कारण आग लागण्याची शक्यता असते. अशा वेळी टो करून नेण्याचा खर्च हा वाचवण्याचा खर्च नव्हे.

डिझेल गाडीच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कॉम्प्रेसरच्या बाजूने तेल इंजिनात गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर चालू लागते, वेग आपोआप वाढत जातो आणि चावी बंद करूनही ते थांबत नाही. हाती गिअर असलेल्या गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. ते जमले नाही तर गाडीपासून दूर व्हावे. बॉनेट उघडून हाताने हवा अडवण्याचा प्रयत्न करू नये.

कोणते तेल वापरावे आणि किती दिवसांनी बदलावे?

कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे आणि मान्यतेचे सिंथेटिक तेल वापरावे. गळती थांबावी म्हणून जाड तेल घालू नये, कारण अरुंद फीड पाईपमधून ते थंड इंजिनात उशिरा पोहोचते. ताकद वाढवलेल्या गाडीत पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्या अंतरावर तेल बदलण्याचा मी सल्ला देतो. महामार्गावरून ताणून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मगच बंद करावे. तापलेल्या टर्बोत थांबलेले तेल जळून कोळसा होते आणि तोच कोळसा पुढे पाईप तुंबवतो.

टर्बो दुरुस्त करावा की नवीन घ्यावा, आणि बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन कसे सुरू करावे?

हाऊसिंग शाबूत असतील तर मधला कार्ट्रिज (दांडा, चाके आणि बेअरिंगचा जोडलेला संच) बदलता येतो, मात्र तो यंत्रावर तोल साधलेला असावा आणि तसा कागद दुकानदाराकडून मागून घ्यावा. केवळ रिंगा आणि बुश बदलून तोल न साधता दिलेला टर्बो मी बसवत नाही.

बसवण्याआधी चेंबरमधले तेल आणि ऑईल फिल्टर बदलावा, फीड पाईप शक्यतो नवीनच घ्यावा आणि इंटरकूलरमध्ये साचलेले जुने तेल पूर्ण काढावे. ते राहिले तर नवीन टर्बोतूनही धूर येत असल्यासारखे दिसते आणि माणूस विनाकारण खचतो. फीडच्या छिद्रातून थोडे स्वच्छ तेल आत सोडून चाक हाताने फिरवावे. इंधनाचा फ्यूज काढून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर फिरवावा, म्हणजे तेल वर पोहोचते. मग इंजिन सुरू करून काही मिनिटे मंदच चालू द्यावे, ॲक्सिलरेटर दाबू नये, आणि टॉर्च लावून रिटर्नचा जोड पाहावा. एक्झॉस्टमध्ये उरलेल्या जुन्या तेलाचा धूर थोडा वेळ येतो, तो गाडी चालवल्यावर जातो. पाचशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना फ्लँजचे नट पुन्हा तपासावेत आणि डिपस्टिक पाहावी.